लाल कानांचा साहेब

अर्नेस्टिन मावशीच्या वाटेला जाऊ नये, हे आमच्या गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. ग्रेसनला नव्हतं.

हा ग्रेसन पलीकडच्या कॅनडातल्या खाणीचा साहेब. खाण तिकडे, तिचा गाळ मात्र नदीतून इकडे अलास्कात, आमच्या दारात. हूलिगन मासळी येईनाशी झाली तेव्हा तो आला. आम्हा त्लिंगितांच्या मेजवानीत हूलिगनच्या साठवणीतल्या तेलात बुडवून बुडवून सॅमन हाणला आणि मावशीला म्हणाला, "आजी, नव्या खाणीच्या सुनावणीत तुम्हाला खुर्ची देतो." नंतर निरोप आला: तुम्ही सीमेपलीकडचे, तुम्हाला विचारायचा नियम नाही.

"खाल्ल्या मिठाला जागला नाही मेला!" मावशी कडाडली. "विल्बर, ऊठ. खांब कोर."

विल्बर काका तिचा नवरा. ती कावळ्याच्या कुळातली, तो गरुडाच्या. आमच्यात खांब मानाचा असो की लाज काढायचा, एका कुळाचा खांब दुसऱ्या कुळानेच कोरायचा. काकांनी देवदारात ग्रेसन कोरला, हेल्मेटसकट. मावशीने समोर उभं राहून त्याचे कान लाल रंगवून घेतले. लाल कान म्हणजे खाऊन शब्द बुडवणारा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मग ग्रेसनला आमंत्रण धाडलं. खांब पाहून गडी विरघळलाच!

"हा... माझा?"

"तुमच्यासारखा दुसरा आहे कोण, साहेब?" मावशी म्हणाली. मी खोकत बाहेर पळालो.

त्याने खांबाला मिठी मारून फोटो काढला आणि कंपनीच्या कॅलेंडरवर छापला. ते कॅलेंडर खाणीजवळच्या ताल्तान लोकांच्या घरोघरी गेलं. त्यांचं-आमचं नातं जुनं, लाल कान त्यांनाही कळतात. नव्या खाणीला त्यांचा होकार हवा होता. पण ग्रेसन सभेत बोलायला उभा राहिला, की सगळे गंभीर चेहऱ्याने आपापले कान चोळायचे.

शेवटी तो धावत आला. "आजी, तो रंग काढा हो!"

"खुर्ची?"

"दिली! लेखी दिली!"

मावशी सुनावणीला गेली, मनसोक्त बोलून आली. काकांनी खांबाचा कान खरवडला. एकच.

"आणि दुसरा?" ग्रेसनने फोनवर विचारलं.

"तो मासळी आल्यावर."

यंदा बर्फ वितळल्यावर आम्ही जाळी टाकली. दिवसभर थांबलो. मावशीने रिकामं जाळं गुंडाळलं. मला तर रडूच आलं.

घरी येताना ती खांबापाशी थांबली.

"विल्बर, रंग फिका पडलाय बघ. डबा आण."