उभी ठेवलेली बाटली

प्रशिक वाईन प्यायला नाही, थुंकायला शिकला होता. तेही फोनवर व्हिडिओ बघून.

वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात तो स्टुअर्ड. काम काय, तर दुसऱ्यांच्या ग्लासात ओतायचं आणि हसऱ्या चेहऱ्याने बाजूला उभं राहायचं. पण बाटलीच्या तळाशी उरलेल्या घोटाचा वास घेऊन घेऊन त्याची जीभ बरीच हुशार झाली होती. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. आणि तीन-चार वर्षांपेक्षा जुनी वाईन बापजन्मात चाखलेली नाही.

त्यामुळे मामाचा फोन आला तेव्हा तो खुर्चीतून उडालाच.

"रविवारी ये गा प्रशिक. बाटल्या उघडाच्या हायेत."

"कोणत्या बाटल्या?"

"बर्नारच्या."

या बाटल्यांबद्दल घरात सगळ्यांना माहीत होतं आणि हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. देवाजी मामा खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये बॉयलर ऑपरेटर होते. नव्वद साली मशीन चालू करायला फ्रान्सहून जे इंजिनिअर आले त्यातला एक बर्नार. लांबलचक माणूस. पहिल्यांदा सावजी मटण खाल्लं तेव्हा ढसाढसा रडला आणि रडत रडत अजून वाढून घेतलं. मामांची आणि त्याची तिथेच जमली. इंग्रजी दोघांचंही सारखंच तुटकं, त्यामुळे कोणी कोणाला लाजत नव्हतं.

तीन वर्षांनी तो दुरुस्तीच्या कामाला परत आला, ते स्वेटरांमध्ये गुंडाळून सहा बाटल्या घेऊन. सगळ्या नव्वद सालच्या. "आपण बॉयलर पेटवला त्या वर्षीची द्राक्षं," तो म्हणाला. "एकाच गावातले सहा मळे. त्यातला एक माझ्या बापाचा. तीस वर्षं ठेव, मग बघू कोणाची टिकते. पण चाखायची तू. तुझ्या जिभेने."

मामा "येस, येस" म्हणाले.

आणि तिथेच सगळी गडबड झाली. कारण मामा पीत नव्हते. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली होती आणि पोरांकडून एकच शब्द घेतला होता, पाचवं शील मोडायचं नाही, नशेचं काही तोंडाला लावायचं नाही. मामांनी तो आता अडुसष्ट वर्षांचे होईपर्यंत पाळला होता.

"मंग त्याले तेव्हाच सांगाचं होतं ना मामा," प्रशिक रविवारी दारात चप्पल काढता काढता म्हणाला.

"साहेब लोक काही बोलले की कंट्रोल रूममध्ये येसच म्हणत होतो आम्ही," मामा म्हणाले. "सवय. आता तो शहाऐंशीचा झाला. त्याच्या नातीचा मेसेज आला, आजोबाले आता वाट पाहणं जमत नाही म्हणते. चार वाजता व्हिडिओ कॉल हाय. इकडे मित्राले शब्द, तिकडे बापाले शब्द. मी काय करू गा?"

"माझी जीभ हाय ना."

"तुझी हाय. त्याले माझी पाहिजे."

मामांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता प्रशिकने. रिटायरमेंटच्या दिवशीपण नाही.

नारी रोडच्या त्या घरात आतल्या खोलीत, खिडकीखाली, अर्धं कापलेलं लोखंडी पिंप होतं. त्यात ओली रेती. रेतीवर पाण्याचे दोन माठ. आणि रेतीच्या आत बाटल्या. वर भिंतीला थर्मामीटर, खिळ्याला दोरीने बांधलेलं रजिस्टर. प्रशिकने उघडलं. तारीख, सहा वाजता, चौदा वाजता, बावीस वाजता. शिफ्ट बदलायच्या वेळा. एकतीस वर्षांचं तापमान. अशी चौदा रजिस्टरं पलंगाखाली होती.

"मामा ड्युटीवर असले की?"

"मी लिहो," भीमाबाई मामी चहा घेऊन आल्या. "एकदा माझ्या भावाच्या लग्नाले गेलो, तं शेजारच्या नीलाले चावी देऊन गेलो. बाळंतपणात एवढं केलं नाही माह्यं कोणी."

प्रशिकने हळूच रेती बाजूला केली. पहिली बाटली काढली. मग दुसरी. मग त्याने मामीकडे बघितलं.

"मामी, लेबलं कुठी हायेत?"

"धुतले."

"काय?"

"बादलीत भिजू घातले आन् काथ्यानं घासले. काहून? दरवर्षी दसऱ्याले दीक्षाभूमीवर येणारे पाहुणे आपल्याच घरी उतरतात. यवतमाळचे, नांदेडचे. उपासकाच्या घरी दारूच्या बाटल्या! कोणी वाचलं असतं तं?"

"मामी, ते फ्रेंचमध्ये होतं."

"द्राक्षाचं चित्र तं मराठीत होतं ना!"

मामा खिडकीबाहेर बघत बसले. हे भांडण या घरात आधी बऱ्याचदा होऊन गेलं असावं.

बर्नारच्या बापाची बाटली कोणती, हे आता बाहेरून कळायला मार्ग नव्हता. "काही नाही," प्रशिक म्हणाला, "बुचावर मळ्याचं नाव छापलेलं असते. उघडल्यावर समजन." आणि मग त्याला दिसलं की रेतीत पाचच बाटल्या आहेत.

"सहावी?"

मामांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. पिंपाला टेकून, ओल्या पोत्यात गुंडाळलेली, सहावी बाटली सरळ उभी होती. शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

"पाचच मावल्या," मामा म्हणाले. "सहावी स्टँडबाय."

"एकतीस वर्षं उभी?"

"काहून, काय झालं? बर्नार आडव्या ठेव म्हणे. मले वाटलं जागेसाठी म्हणून राहिला."

प्रशिकने डोक्याला हात लावला. "मामा, आडवी ठेवली की बूच ओलं राहते. उभी ठेवली की बूच सुकते, मंग हवा आत जाते."

मामांनी ती बाटली पोत्यातून काढली आणि उगाचच रुमालाने पुसली.

साडेतीनला उघडायला सुरुवात केली. हॉटेलातून मागून आणलेले सहा ग्लास टेबलावर ओळीत. पहिलं बूच अर्ध्यात तुटलं. दुसऱ्याचा खालचा भाग चुरा होऊन आत पडला, ती वाईन मामीच्या चहाच्या गाळणीतून गाळली. रंग सगळ्यांचा जवळपास एकच, लालही नाही, तपकिरीही नाही, पावसात भिजलेल्या विटेसारखा. प्रशिकने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बादलीत थुंकला.

"अगं बाई!" मामी ओरडल्या. "एकतीस वर्षं लेकरासारखं जपलं आन् हा थुंकून राहिला!"

"चाखताना असंच असते मामी. गिळलं तं नशा चढते, मंग पुढचीचं खरं समजत नाही. आणि माह्यं शील बी वाचते."

"तुह्यं शील मले माहीत हाय. थुंक."

मामा रजिस्टर उघडून बसले. "बोल. एक नंबर."

"पाणी झालं याचं. वास हाय, आत काहीच नाही."

मामांनी लिहिलं: १. वास आहे. लोड नाही.

दुसरी बरी निघाली, वाळवलेल्या जांभळासारखी, शेवटी थोडी तुरट. तिसरीला मात्र प्रशिकने ग्लास परत नाकाशी नेला. त्याने परत घोट घेतला. त्याला मोहफुलांचा वास आला, मग ओल्या मातीचा, मग संत्र्याची साल नखाने सोलताना येतो तसा, आणि घोट थुंकून टाकला तरी ते सगळं तोंडात थांबूनच होतं. व्हिडिओतले लोक डोळे मिटून जे बोलायचे ते नाटक वाटायचं त्याला. आता कळलं, निम्मं तरी खरं होतं.

"बोल ना बापा."

"मामा, हे... हे जिवंत हाय."

३. चालू आहे, मामांनी लिहिलं.

चौथी-पाचवी होईपर्यंत चार वाजले आणि फोन वाजला. स्क्रीनवर पांढरे केस, मोठं नाक, मागे नातीचा हात.

"काहून गा, देवाजी!" पलीकडून आवाज आला. "जेवला का?"

मामी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्याचं मराठी एवढंसंच शिल्लक होतं, पण खणखणीत.

प्रशिकने चव सांगत एकेक बूच कॅमेऱ्यासमोर धरलं. बर्नार नाव वाचायचा आणि तुटक्या इंग्रजीत शेजाऱ्याची कुंडली सांगायचा. पहिला कंजूष, पाणीच घालत असणार. दुसऱ्याच्या बायकोचा स्वयंपाक चांगला होता. तिसऱ्याचं नाव वाचून त्याने कपाळावर हात मारला. "हा? हा बेस्ट? माझा बाप याच्याशी चाळीस वर्षं बोलला नाही! बांधावरून भांडण!"

"सेम इंडिया," मामा म्हणाले.

पाच बुचं, पाच नावं, पण त्यात बापाचं नाव नव्हतं. म्हणजे उरली ती उभी बाटली. प्रशिकने ती उघडली. बूच बिस्किटासारखं कोरडं होतं, भुगा झाला. नाव-बिव काही नाही.

"तीच," बर्नार हळूच म्हणाला. "बुचावर नाव छापणं म्हणजे नखरे, म्हणायचा माझा बाप."

प्रशिकने नाक जवळ नेलं आणि डोळ्यातून पाणी आलं. झणझणीत. यात शोधायला काहीच नव्हतं. त्याने मामांकडे वाकून, हसत हसत, पलीकडे कळू नये अशा सुरात म्हटलं, "मामा, ही गेली. सिरका झाली. पण मी मस्त हाय म्हणून सांगतो. तो काय इथिसा येऊन चाखणार हाय का?"

"नाही."

"म्हातारा हाय तो मामा."

"मी बी हाय. रीडिंग खोटं द्याचं नाही." मामांनी फोन स्वतःकडे ओढला. पाठ सरळ केली. "बर्नार. बॉटल सिक्स, युवर फादर. फेल. माय मिस्टेक. फाइव्ह बॉटल स्लीपिंग, वन बॉटल स्टँडिंग. आय कीप स्टँडिंग."

स्क्रीनवरचा चेहरा गोठल्यासारखा झाला. प्रशिकला वाटलं नेटवर्क गेलं.

"स्टँडिंग?" बर्नारने विचारलं. "पाचही शेजाऱ्यांना झोपवलंस, आणि माझ्या बापाला एकतीस वर्षं नाईट शिफ्ट?"

आणि तो जो हसत सुटला. खोकला आला, नातीने पाणी दिलं, पाणी पितानाही हसत होता. "माझा बाप आयुष्यात कधी बसला नाही, देवाजी. बरोबर केलंस." मग डोळे पुसून त्याने तो प्रश्न विचारला ज्याची मामा सकाळपासून वाट बघत होते. "तू चाखलीस? कुठलीही?"

मामांनी रजिस्टर बंद केलं.

"आय नो ड्रिंक," ते म्हणाले. "नेव्हर. माय फादर, प्रॉमिस. दॅट टाइम आय से येस. दॅट येस, राँग रीडिंग."

"मग एकतीस वर्षं काय करत होतास?"

"टेंपरेचर घेत होतो," मामा मराठीतच बोलून गेले. प्रशिकने ते इंग्रजीत सांगितलं.

बर्नार मान हलवत राहिला. "ओके, ओके," म्हणाला. पण आवाजातली हवा गेली होती. मामा टेबलाकडे बघत बसले.

इकडे मामी कधीपासून सहाव्या बाटलीत नाक घालून उभ्या होत्या.

"प्रशिक, सिरका म्हणजे तोच ना? कांद्यात टाकतात तो?"

"हो."

"मंग यात दारू राहिली का?"

प्रशिकने घोट घेतला. या वेळेस थुंकायचं सुचलंच नाही, घसा जळत गेला. "आई गं... नाही मामी. सगळी आंबून गेली. बादलीभर पेली तं पोट बिघडन, नशा नाही चढत."

"पक्कं? शीलाचा मामला हाय. तुह्यं हॉटेलवालं गोड बोलणं नको."

"पक्कं मामी."

मामी आत गेल्या. कांदा कापल्याचा आवाज आला, चरचर. बशीत कांदा, वर मीठ, जरा तिखट, आणि बर्नारच्या बापाच्या नव्वद सालच्या द्राक्षांचे दोन चमचे. बशी नवऱ्यासमोर ठेवली.

"खा."

"वं, पण शील..."

"तुमच्याहून कडक मी हाओ. माह्या घरात लेबल राहिलं नाही, दारू काय राहीन? खा म्हणते ना."

मामांनी फोनकडे बघितलं, बशीकडे बघितलं. एक फोड उचलली. तोंडात टाकली आणि त्यांचा अख्खा चेहरा आत ओढला गेला, डोळे, गाल, मिशा, सगळं. पलीकडे बर्नार नाक स्क्रीनला लावून बसला होता.

"वेल? तुझी जीभ. सांग."

मामांनी घाई केली नाही. गेजचा काटा स्थिर होईपर्यंत थांबावं तसे थांबले. अजून एक फोड खाल्ली.

"प्रेशर," ते म्हणाले, "प्रेशर फुल हाय. बाकी पाच थंड पडले असतीन. हा अजून भांडून राहिला."

प्रशिकने सांगितलं आणि बर्नारने फोन नातीकडे दिला. थोडा वेळ स्क्रीनवर नुसतं छत दिसत होतं. मग दुरून आवाज आला, "देवाजी! अजून खा गा!"

मामांनी रजिस्टर परत उघडलं. सहा नंबरसमोर लिहिलं: १६:४०, स्वतः चाखली. खाली सही केली.

ग्लास धुवून प्रशिक निघाला. तिसरी बाटली मामीने त्याच्या बॅगेत घातली, वर दोन टॉवेल आणि एक धमकी, बाहेर कोणाला दिसली तर बघ. सहावीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधून त्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"आता तरी आडवी ठेव वं," मामा मागून म्हणाले.

"सांडन ना!" मामीने ती मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिली. "उभीच राहू द्या. सवय झाली तिले."