ताईच्या टाचा

माझी धाकटी भाची इतकी बोलते की घरात सगळे तिला टिटवीच म्हणतात. त्या दुपारी मात्र ती तोंडाला कुलूप लावून माझ्या दारात उभी राहिली. गळ्यात कॅमेरा.

"काय गं?"

"मामा, ताईच्या टाचा येतच नाहीत."

तिची ताई पोहण्याच्या तलावात उंच फळीवरून सूर मारते. संघाची निवड दुसऱ्या दिवशीच होती. पाण्यात शिरताना तिचे पाय फाकतात, असं प्रशिक्षकांचं म्हणणं. छे, मुळीच नाही, असं ताईचं. म्हणून टिटवीनं ओळीनं फोटो काढायचे ठरले. पण सहा फोटो झाले की कॅमेरा अडून बसायचा, आणि तोवर ताई पाण्यात.

फोटो साठवायचं मेमरी कार्ड मीच आणलं होतं, वेष्टणावरचा सगळ्यात मोठा आकडा बघून. मास्तर असून वेष्टणाला भुललो!

आम्ही दुकानात गेलो. दुकानातल्या बाईंनी कार्ड पाहिलं. हसल्या नाहीत. टिटवीला स्टुलावर बसवून म्हणाल्या, "हा मोठा आकडा वाचायच्या वेगाचा. फोटो संगणकावर घेताना कामाचा. तुझ्या कॅमेऱ्याला काय हवंय?"

"लिहायचा वेग?"

"मग तो शोध."

टिटवीनं डोळे बारीक करून कोपऱ्यातलं इवलंसं 'व्ही' हुडकलं. त्यापुढे लिहायचा वेग, फक्त दहा. बाईंनी दुसरं कार्ड पुढे केलं. त्याचा मोठा आकडा कमी होता, पण व्हीपुढे साठ.

"माझं ऐकू नकोस. कॅमेऱ्यालाच विचार."

"मामा, उड्या मारा!"

माझी साठी उलटलेली. पण मारल्या दुकानाच्या पायरीवरून उड्या. जुन्या कार्डावर कॅमेरा सहाव्या फोटोला थबकला, आणि टिटवी अकरापर्यंत मोजेस्तोवर लिहिणं चालू असल्याचा लाल दिवा लुकलुकत राहिला. नव्यावर सलग वीस फोटो निघाले, आणि तीन म्हणेपर्यंत दिवा विझला.

"म्हणजे कॅमेरा श्रुतलेखन घालतोय," टिटवी ओरडली, "आणि जुनं कार्ड म्हणतंय, सर, थांबा ना!"

तीस वर्षं श्रुतलेखन घातलं मी, पण हे मला सुचलं नसतं. आणि बाईंनी खरं उत्तर आयतं दिलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

"जुनं टाकून देऊ?" टिटवीनं विचारलं.

"अंहं," बाई म्हणाल्या. "सावकाश लिहिणाऱ्याला वर्गाबाहेर काढतात का? एकेक फोटो काढायचा असेल तेव्हा ते आहेच."

संध्याकाळी ताईनं सूर मारला. कॅमेरा अडला नाही. मग ताई, टिटवी आणि प्रशिक्षक अशा तिघांची डोकी त्या चिमुकल्या पडद्यावर वाकली. सोळाव्या फोटोत पायांमध्ये चांगली वीतभर फट.

"बोला!" प्रशिक्षक म्हणाले.

"ही मी नाहीच," ताई म्हणाली, आणि मुकाट्यानं पुन्हा शिडी चढली.

पाचव्या खेपेला टाचा एकमेकींना चिकटल्या. ताईनं तिथल्या तिथे टिटवीला मिठी मारली.

"अगं, कॅमेरा भिजेल! बाजूला हो! आणि उद्याही अश्शाच ठेव हं टाचा, मी पहिल्या रांगेत बसणार आहे, मामा, आपण लवकर निघायचं, बॅटरी रात्रीच भरायची..."

कुलूप निघालं होतं.