पात्यांचा क्लच

आमच्या चर्चच्या दफनभूमीतलं गवत ओरिन स्टुबे कापायचे. वय चौऱ्याहत्तर. त्यांचं बसून चालवायचं यंत्र दर एप्रिलमध्ये माझ्याकडे दुरुस्तीला यायचं. नेब्रास्कातल्या आमच्या एवढ्याशा गावात ही कामं करणारा मी एकटाच.

त्या शनिवारी मी पुढची चाकं काढली. एक बेअरिंग खरखरत होतं, ते बदललं, दोन्हीकडे नवं ग्रीस भरलं. राहिला पात्यांचा क्लच. बटण बंद केलं की त्यातला ब्रेक पाती धरतो. पाच सेकंदांत ती थांबायला हवीत. मी मोजलं. नऊ लागले. क्लचची फट तपासून नट आवळायचे, अर्ध्या तासाचं काम. पण बाहेर मेव्हणा गाडीमागे मासेमारीची बोट जोडून हॉर्न बडवत होता.

"गेलन, मासे काय तुझी वाट बघत बसणारेत?"

तेवढ्यात ओरिन आले. "झालं का रे सगळं?"

"झालं. बेअरिंग नवं घातलंय," मी म्हणालो.

मंगळवारी एका थडग्यावरच्या हाराची तार यंत्राखाली अडकली. ओरिननी बटण बंद केलं, उतरले आणि तार ओढायला हात घातला. पाती अजून फिरत होती. दोन बोटं गेली.

गावभर ते स्वतःलाच दोष देत फिरले. "मीच गाढव. घाई केली." त्यांच्या बायकोने, आर्लिसने, मला केक दिला, दफनभूमीतून यंत्र आणायला मी गेलो होतो म्हणून. तो केक मी न कापता तसाच ठेवून दिला.

तीन आठवडे मी गप्प होतो. मग एका दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात दोघांसमोर बसून सांगून टाकलं.

ओरिननी बँडेजकडे बघितलं. "नऊ? मोजले होतेस तू?"

"मोजले होते."

"न मोजता सोडलं असतंस, तर विसरलास म्हणून मी सोडून दिलं असतं."

आर्लिस उठून बाहेर गेली.

"यंत्र कुठंय?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडेच. हात लावायचा धीर होत नाही."

"चल. उद्या दुसरं कुणीतरी त्यावर बसेल."

माझ्या शेडमध्ये ते खुर्ची ओढून बसले. मी क्लच उघडला. ब्रेक पार झिजला होता. नट आवळून भागलं नसतंच. नवा बसवला. यंत्र सुरू करून बटण बंद केलं. ओरिन मोठ्याने मोजत होते. तीनवर पाती थांबली.

"हे चर्चमध्ये तू सांगायचंस," ते म्हणाले. "मी नाही."

रविवारी सांगितलं. तेव्हापासून दर गुरुवारी दफनभूमीत मीच गवत कापतो. ओरिन भेटले की मान डोलावतात. पूर्वीसारखे कॉफीला मात्र थांबत नाहीत, आणि मीही आग्रह करत नाही.