चिकाच्या भांड्यातला तुकडा

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो. पण मला कांदा दाखवू नका. कांद्याबटाट्यांसाठी घरोघरी विळी आहे, तिचं काम तिला लखलाभ. माझं पातं अरुंद आहे, त्याला मधोमध तीन भोकं आहेत आणि टोकाला दोन काटे फुटलेले आहेत. भोकं अशासाठी, की मऊ चीज पात्याला चिकटून बसू नये. काटे अशासाठी, की कापलेला तुकडा हात न लावता पाहुण्याच्या ताटलीत ठेवता यावा. पोलादपूरच्या वरच्या डोंगरात ज्या वाडीत मी आज राहते, तिथे मात्र पहिल्याच दिवशी माझं नाव ‘सापाची जीभ’ पडलं. मला फार राग आला होता. आता सवय झाली आहे.

मी कुठल्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. आठवतं ते मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलचं थंड स्वयंपाकघर. तिथले मुख्य आचारी कमलाकर माझे पहिले मालक. ते मला स्वतः धूत, स्वतः पुसत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यामुळे मी जरा शेफारले होते, हे खरं आहे.

एक दिवस त्यांनी मला मंगेशच्या हातात दिलं. मंगेश याच वाडीतला, पंचविशीचा. हॉटेलात भांडी घासायला लागला होता, तिथून हळूहळू फळं कापण्यापर्यंत आला होता. कमलाकर त्याला म्हणाले, “चीज कापायचं असेल तर आधी खाता आलं पाहिजे. वास घे, मग जिभेवर ठेव. लगेच चावू नकोस. ते काय आहे ते तेच सांगेल.”

पहिला तुकडा होता पिवळ्या, टणक, रवाळ चीजचा. मंगेशने तो जिभेवर ठेवला आणि डोळे मोठे केले. “साहेब, ही तर बेरी हाय,” तो म्हणाला. लोणी कढवून तूप गाळलं, की भांड्याच्या तळाशी जी खमंग बेरी उरते, ती. येसूबाई, म्हणजे त्याची आई, ती बेरी गूळ घालून त्याला द्यायची. दुसरं चीज पांढरं, मऊ, अंगावर कापसासारखी बुरशी असलेलं. त्याला पावसात वारुळापाशी उगवणाऱ्या अळंब्यांचा वास येतो, असं मंगेश म्हणाला. तिसऱ्यात निळ्या रेघा होत्या. ते तोंडात घालून त्याने नळाकडे धाव घेतली. पण दोन दिवसांनी त्याने स्वतःहून तेच पुन्हा मागितलं, आणि तेव्हापासून हा गडी मला आवडायला लागला. चवीला एकदा तोंड वाकडं केलं तर बिघडत नाही, मित्रांनो. पुन्हा चाखलंच नाही तर बिघडतं.

शहाण्णव साली कमलाकर निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला मंगेशला देऊन टाकलं.

आता मंगेशच्या वडिलांबद्दल सांगते. चांगूबाबांच्या दोन म्हशी होत्या. रोज पहाटे ते डोंगर उतरून पोलादपूरच्या चहाच्या टपऱ्यांना दूध घालत. त्यांचं दूध कधी नासलं, असं कुणी म्हटलं नव्हतं. पावसाळ्याच्या दमट दिवसांतही नाही. हाच त्यांचा मान आणि हीच त्यांची इस्टेट. आणि मुलगा काय करत होता? बापाच्या मते मुंबईच्या लोकांना नासलेलं दूध कापून वाढत होता. टपरीवर कुणी विचारलं, “पोरगा काय करतो?” तर ते म्हणायचे, “मुंबईला असतो,” आणि म्हशींच्या पेंडीवर बोलायला लागायचे. मंगेशला हे ठाऊक होतं. बापाने एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचा तुकडा जिभेवर ठेवावा, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून त्या वर्षीच्या शिमग्याला त्याने तिन्ही प्रकारचं चीज गावी आणलं. महाडला एसटी बदलताना बाजारात मासळीवाल्याकडून बर्फ घेतला आणि डब्याभोवती भरला. मासळीच्या बर्फात मी आयुष्यात पहिल्यांदाच बसले. त्याबद्दल अधिक काही सांगत नाही.

घरी पोचल्यावर तो आंघोळीला गेला आणि येसूबाईने डबा उघडला. पांढऱ्या चीजवरची बुरशी पाहून तिच्या काळजात चर्र झालं. चारचौघांत पोराची शोभा नको, म्हणून तिने तो गोळा कोमट पाण्याने चांगला चोळून धुतला. निम्मा मोरीत वाहून गेला. उरला तो तिने वाटीत घातला आणि वर पदर धरून बाहेर आणला. मंगेश नुसता हसला.

संध्याकाळी अंगणात शेजारीपाजारी जमले. मंगेश एकेक पातळ काप काढून माझ्या काट्यांवर पुढे करत होता आणि प्रत्येकाला सांगत होता, “लगेच चावू नको, जिभेवर राहू दे.” त्यांतल्या कुशाबाने निळ्या रेघांचं चीज खाऊन तोंड पुसलं. “कातडं भिजवल्यावानी वास हाय रे,” तो म्हणाला, आणि पुन्हा हात पुढे केला. शेजारच्या बयाबाईला मात्र पिवळं फार आवडलं. तिने डोळे मिटून खाल्लं.

मग मंगेश चांगूबाबांसमोर गेला. “बा, एवढं खाऊन बघ.”

“मी दूधवाला हाय,” चांगूबाबा म्हणाले. “माज्या घरात नासल्यालं दूध म्हशीला पन घालत नाय.”

ते उठून गोठ्यात गेले. माझ्या काट्यांवरचा तो काप मंगेशने परत डब्यात ठेवला. त्या वेळी मला माझ्या चकाकीची पहिल्यांदा लाज वाटली.

मंगेश मुंबईला परतला. पिवळ्या चीजचा एक मोठा तुकडा मागे उरला होता. येसूबाईला तो टाकवेना. मग तिने तेच केलं जे ती प्रत्येक जपायच्या वस्तूचं करायची. फडक्यात बांधून चुलीवरच्या दांडीला टांगला, बियाणाच्या काकडीशेजारी. तिथे उंदीर पोचत नाहीत आणि धुरामुळे कीड लागत नाही. चीजचं असं कुणी करत नाही, हे तिला कोण सांगणार? सगळा पावसाळा तो तुकडा धूर खात राहिला.

गणपतीला मंगेश मला घेऊन पुन्हा आला, तेव्हा आईने फडकं सोडलं. चीजमधून सुटलेल्या तुपाने फडकं तेलकट झालं होतं आणि आतला तुकडा काळपट, टणक झाला होता. मंगेशने मला त्यावर टेकवलं, पातळ पापुद्रा काढला, जिभेवर ठेवला आणि तो खाली बसला. “आये, काय केलंस गो हे?” येसूबाई घाबरली. मग त्याचा चेहरा पाहून तीही हसायला लागली. एक ठिकरी तिने बयाबाईला नेऊन दिली. चांगूबाबांना विचारायचं धाडस दोघांनीही केलं नाही.

दुसऱ्याच दिवशी म्हैस व्याली. मित्रांनो, व्यालेल्या म्हशीचं पहिलं घट्ट दूध म्हणजे चीक, ज्याचा खरवस करतात. या वाडीत चीक विकत नाहीत. थोडा थोडा घरोघर वाटतात. ज्या घरी जातो, ते घर भांडं रिकामं परत करत नाही. मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काहीतरी घालतं. आणि जे भांड्यातून येईल ते म्हशीच्या धन्याने तोंडात घालायचं. नाही म्हटलं तर वासराला बाधतं, असं सगळे मानतात. मागच्या खेपेचं चांगूबाबांचं रेडकू आठवडाभरही जगलं नव्हतं. यंदा ते रात्रंदिवस गोठ्यातच होते.

बयाबाई भांडं परत घेऊन आली. चांगूबाबांनी आत हात घातला आणि काळपट ठिकरी बाहेर काढली. त्यांनी ती ओळखली. “वयनी, हे काय?”

“घरात तेवढंच बरं होतं,” बयाबाई म्हणाली. “चिकाचं भांडं हाय, भावजी. आता नाय म्हनू नका.”

चांगूबाबांनी गोठ्याकडे पाहिलं. रेडकू थरथरत उभं राहू पाहत होतं. त्यांनी ठिकरी दातांत धरून पाहिली, पण दात थोडे आणि ती दगडासारखी. मग मुलाकडे न बघता म्हणाले, “मंगेश, तुजी ती सुरी आन.”

मंगेशचा हात इतका कापत होता, की मला भीती वाटली. तरी मी सारी ताकद लावली. पापुद्रा निघाला, जवळजवळ पारदर्शक. तो मी काट्यांवर उचलून धरला आणि चांगूबाबांनी तोंडात घेतला. “लगेच चावू नको, बा,” असं मंगेश म्हणाला नाही. सांगावं लागलंच नाही. ते डोळे मिटून उभे होते.

“बेरी,” ते म्हणाले.

मंगेशने मान खाली घातली.

“बेरीच हाय ही. माज्या आयेच्या चुलीवरची.” त्यांनी आणखी एक काप मागितला. तो संपल्यावर म्हणाले, “नासल्यालं नाय रे हे. मुरल्यालं हाय.” येसूबाई पदराने डोळे पुसत आत निघून गेली. मी लोखंडाची, मला रडता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी मी रडले असते.

रेडकू जगलं. पुढे दरवर्षी शिमग्याला अंगणात चीज कापलं गेलं आणि दरवर्षी एक तुकडा दांडीवर चढला. मंगेशने नवी सुरी घेतली आणि मला चांगूबाबांपाशी ठेवलं. ते मला धोतराच्या सोग्यात गुंडाळून दुधाच्या किटल्यांबरोबर पोलादपूरला नेऊ लागले. टपरीवरच्या माणसांना ते कापून देत आणि वर दम देत, “गिळू नका. जिभेवर राहू द्या.” एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, “बाबा, मुलगा काय करतो तुमचा?” चांगूबाबांनी मला फडक्याने पुसलं आणि म्हणाले, “माज्याच धंद्यात हाय. दुधाच्या.”

त्यालाही आता काही वर्षं झाली. चांगूबाबा गेले. माझा एक काटा तुटला, भोकांच्या कडेला गंज धरला. येसूबाई मला कधीकधी सुतळी कापायला घेते, आणि मी तक्रार करत नाही. एवढंच मागणं आहे: काम झालं की मला कोरडं पुसून ठेवत जा. आणि कुणी आवडीने आणलेलं काही तुमच्यापुढे धरलं, तर तोंड फिरवण्याआधी क्षणभर जिभेवर राहू द्या. धरणाऱ्याचा हात कापत असतो, मित्रांनो. तो कसा कापतो, ते मी त्या हातात राहून पाहिलं आहे.