चंद्रभागेनं घेतलेलं नाव

माझी बायको चंद्रभागा मागच्या पोळ्याला गेली. साऱ्या संसारात तिनं माझं नाव कधी ओठावर आणलं नाही. शिरड शहापुरात जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती मला 'अवो' म्हणायची.

शेवटी शेवटी चंद्रभागा माणसं विसरत गेली. आमची नात सृष्टी हिंगोलीला नर्सिंग शिकते. तिनं मला आजीचा आजार समजावून सांगितला.

"आबा, मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात. त्या कचरा उचलतात, रोगाशी लढतात. म्हातारपणी त्या बिघडतात, या आजारात तर जास्तच. मग कचरा तसाच राहतो आणि त्या आठवणी जोडणारे चांगले धागेच तोडतात."

"म्हंजे निंदताना गवत ठेवलं अन् हळद उपटली."

"व्हय, तसंच."

एकदा दुपारी मी शेतातून जेवायला आलो. चंद्रभागा झाकलेलं ताट पुढ्यात घेऊन बसली होती. मी हात लावताच तिनं ते ओढून घेतलं.

"काहून हात लावून राहिले तुमी? हे संतरामचं हाय. त्यायला बोलवा, भाकर वाळून राहिली."

सून पदराआड हसली. "आबा, सासूबाईनं नाव घेतलं बघा तुमचं!"

मी बाहेर जाऊन हातपाय धुतले, टोपी नीट केली आणि परत आलो.

"मीच संतराम," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "ते तर जवान हायेत," ती म्हणाली आणि ताट पुन्हा झाकलं.

मग मीही तिच्याजवळ संतरामची वाट पाहत बसलो.