खवट न होणारे क्रीम

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर चौघीजणी, खिडकीशी दोघी, उरलेल्या जिन्यात ताटकळत. आणि साऱ्यांच्या नजरा टेबलावरच्या काचेच्या बरणीवर खिळलेल्या. आतले चेहऱ्याचे क्रीम चार वर्षांपूर्वीचे होते. ते वापरणारी बाई जाऊनही तितकाच काळ लोटला होता. क्रीम मात्र पांढरेशुभ्र, वास तसाच मंद.

"हुंगून बघा," तिची थोरली बहीण बरणी फिरवत होती. "माझ्या बहिणीचं बोट लागलंय. पुण्यवंताच्या हातचं विटत नसतं. पाठदुखी, झोप न येणं, सुनेचा स्वभाव, सगळ्यावर चालतं."

"सुनेला कुठं लावायचं?" जिन्यातून कुणीतरी विचारले.

"श्रद्धेनं लाव, जागा आपोआप सापडेल."

कोपऱ्यात चहा गाळणारा म्हातारा हा त्या गेलेल्या बाईचा नवरा. उमेदीत त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. ती गेल्यापासून या खोलीत त्याने फक्त स्वतःचा खोकला ऐकला होता. आता कप अपुरे पडत. चमत्कार त्याला पटला नव्हता, माणसांची ऊब मात्र हवीशी झाली होती. म्हणून तो नुसता चहा गाळत राहिला.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी बरणीपुढे हात पसरले. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, चिरांतून रक्त. "डॉक्टरांचं मलम बंद केलंय. आता हेच लावते," त्या म्हणाल्या.

त्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली. खोली रिकामी झाल्यावर त्याने शिंपीणबाईंना मलम पुन्हा सुरू करायला विनवले. त्या हसल्या. तेव्हा त्याने पुतणीला फोन केला. ती सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात रसायने तपासत असे. तिने काकूंच्या क्रीमचा नमुना नेला आणि ताज्या क्रीमच्या दोन नव्या बरण्या आणून दिल्या. "दोन्हींत तेच तेल, काका. फक्त एकीत कणभर पूड जास्त. उन्हात ठेवा."

महिन्याभराने त्याने पुतणीला बोलावून भरल्या खोलीत त्या उघडल्या. पहिलीच्या खवट वासाने लोकांनी नाके दाबली. दुसरी ताजी होती.

"हिला कुणाचं बोट लागलं?" थोरल्या बहिणीने विचारले.

"माझं, मावशी. आणि माझ्या पुण्याचा हिशेब न काढलेलाच बरा," पुतणी म्हणाली. "हवा लागली की तेल खवटतं. ही कृत्रिम पूड ते लांबवते. काकूंच्या क्रीममध्येही तीच निघाली."

बहिणीने क्षणात रूळ बदलला. "म्हणजे विषच की. तरी मला संशय होताच."

"मघाशी तर अमृत होतं. मावशी, ही पूड बिस्किटांतही असते. भरमसाट खाऊ घातलेल्या प्राण्यांत काही प्रयोगांत गाठी आढळल्या. म्हणून प्रमाण ठरवून दिलंय, आणि अभ्यास अजून चालू आहे. कुणाकुणाच्या कातडीला ती सोसतही नाही. शंका घ्या, पण माहिती काढून घ्या. अशा वस्तूची पूजा नको, तिचा बागुलबुवाही नको. आणि जुनं, उघडं क्रीम फाटलेल्या कातडीवर तर नकोच."

खोली पांगली. चपलांचे आवाज जिन्यावरून खोल खोल उतरत गेले. थोरली बहीण दारात थांबली. "भावोजी, तुम्ही तिला पुन्हा मारलंत."

"ती तेव्हाच गेली, ताई," तो सावकाश म्हणाला. "मी एकटा आहे. म्हणून खोटं खरं होत नाही. माझ्या एकटेपणाची किंमत दुसऱ्याच्या हातांनी का मोजावी?"

तीही गेली. शिंपीणबाई तेवढ्या उंबऱ्याशी घुटमळत होत्या.

"मग आता मी काय लावू?"

"डॉक्टरांना विचारू," त्याने चपला शोधल्या. "चला, मी येतो बरोबर."