शेवटची चिमूट

तिच्या नवऱ्याने केलेली पूड आता त्याच्या कपाटात चिमूटभरच उरली होती, आणि तशी दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. दोघांनी करून पाहिली, दोघांचीही पिवळी पडली. तो जाऊन आठ महिने झाले होते. त्याच्या वहीतलं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. शोधायचं तरी काय?

काम तसं दोघांचं. तो रेणू बनवायचा, म्हणजे ही पूड. ती ती स्टीलच्या पेटीत, हवा पार उपसून काढून, मुशीत तापवायची आणि वाफ होऊन उडालेले रेणू तांब्याच्या चकतीवर बसवायची. वर लोखंडाचे थोडे अणू सोडले, चकतीला जराशी ऊब दिली, की रेणू लोखंडाला धरून आपले आपणच जाळी विणत. मग एका सूक्ष्म सुईने ती जाळी चाचपून तिचं चित्र काढायचं. षटकोनी जाळ्या सगळेच करतात, तिच्या या गृहस्थाला पंचकोनी हवी होती. ती जमते की नाही, हे या चिमटीवर ठरणार होतं.

तिने पूड मुशीत घातली, मूस पेटीत सरकवली आणि पंप चालू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीसारखंच, तापमान थेट वर नेलं.

दाबाचा आकडा एकदम उसळला. तिने काचेतून पाहिलं तर पूड तडतडून मुशीबाहेर उडाली होती. मूस रिकामी.

पंपांची देखभाल करणारे काका धावत आले. "ताई, पूड ओली होती का?"

"त्याची पूड कधीच ओली नसते, काका."

"नसायचीच. तुम्हाला द्यायच्या आधी अख्खा दिवस माझ्या छोट्या पंपाला लावून, मंद आचेवर वाळवत बसायचे. मी म्हणायचो, तिकडे ताई करतील की. तर म्हणायचे, तिच्यामागे कामं काय कमी आहेत?"

"मला कधी बोलला नाही."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

ती खुर्चीत बसली. हातातोंडाशी आलेला घास गेला, त्याचं दुःख होतंच. पण रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. अकरा वर्षं तो पुडीची कुपी कबूल केल्यापेक्षा एक दिवस उशिरा आणायचा, आणि अकरा वर्षं तिने त्याला दारातच फैलावर घेतलं होतं. तो नुसता हसायचा आणि कुपी तिच्या हातात ठेवायचा. कुपी कोमट असायची. ती कोमट का, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.